हलकी म्हणून चपळ
गाडी चपळ करायची तर इंजिन मोठे बसवावे, असे आपल्याला वाटते. पण मोठे इंजिन जड. ते पेलायला सांगाडा दणकट हवा, म्हणजे वजन आणखी वाढते. ब्रिटनच्या लोटस कंपनीने १९९५ साली दाखवलेल्या ‘एलीझ’ या दोन आसनी गाडीत उलटी वाट धरली. वेल्डिंगच्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम कमजोर होते, म्हणून सांगाड्याचे भाग इपॉक्सीने चिकटवले. त्यामुळे पातळ भागांवर काम भागले. सांगाडा अवघा ६८ किलोंचा, पूर्ण गाडी सुमारे ७२५ किलोंची!

न्यूटनचा नियम आठवू या. बल तेच ठेवून वस्तुमान निम्मे केले, तर त्वरण दुप्पट होते. शिवाय त्याच वेगाला गतिज ऊर्जा निम्मी. म्हणजे ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जाही निम्मीच. मोठे इंजिन गाडीला फक्त पळवते. हलकेपणा थांबतानाही उपयोगी पडतो.