खिडकीची फट बुजवा, पण श्वासाची वाट ठेवा

"सिस्टर, रात्री सगळे बरे झोपलो. सकाळी उठलो तर सगळ्यांचीच डोकी कशी काय दुखतात?" जानेवारीच्या थंडीत नागपूरच्या एका वस्तीत एका मावशींनी आम्हाला विचारले. नातू उलट्या करत होता. ताप मात्र कुणालाच नव्हता.

घर रमाई घरकुलातले, नवेच. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली, पण चौकट आणि विटांच्या मध्ये बोटभर फट राहिली. वारा झोंबायचा, म्हणून घरच्यांनी तिच्यात चिंध्या कोंबल्या, भिंतीला आतून थर्माकोल चिकटवला, दाराखाली गोणपाट लावले. आणि उबेसाठी कोळशाची शेगडी आत घेऊन झोपले. आम्ही आधी दार-खिडकी उघडली, सगळ्यांना अंगणात बसवले आणि १०८ ला फोन केला. वेळेवर दवाखाना मिळाला, सगळे वाचले.

बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक वाटतात, तिथेच फसगत होते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. त्या गुंगीतून कित्येक माणसे उठतच नाहीत.

मग थंडी सोसायची का? नाही. फट नीट बुजवायची.

मोठी फट सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरा. चौकटीलगतची बारीक चीर सिलिकॉनने बंद करा. त्याआधी जागा कोरडी व स्वच्छ पुसून घ्या. चिंध्या पावसात ओल धरतात. खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोके मात्र बुजवू नका, नाहीतर पाणी आत येईल.

ओल असलेल्या भिंतीवर थर्माकोल लावू नका. मागे बुरशी धरते, दमेकऱ्याला त्रास होतो. शिवाय थर्माकोल भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आधी ओल कुठून येते ते शोधून गिलावा दुरुस्त करा. रात्री खिडकीला जाड पडदा किंवा जुनी गोधडी लावली तरी बराच फरक पडतो.

छताजवळचा झरोका कायम उघडा ठेवा. दिवसा समोरासमोरची दारे-खिडक्या उघडा. घरात टीबीचा रुग्ण असेल तर हे औषधाइतकेच गरजेचे आहे, कारण कोंदट हवेत जंतू साचून राहतात.

शेगडी अंगणातच शेका. झोपताना आत निखारा नको, राखेखाली झाकलेलाही नको. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर गोळी शोधत बसू नका. आधी दार उघडा आणि सगळे बाहेर या.