काच पुसण्याआधी मळ ओळखा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लहानपणी दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसण्याचे काम माझ्याकडे असे. अम्मी चुलीतली राख चाळून चिमूटभर हातावर ठेवायची आणि सोबत जुन्या वर्तमानपत्राचा बोळा द्यायची. काजळी निघून काच लखलखायची. राख ही धुण्याच्या सोड्याच्या जातकुळीतली, अल्कधर्मी असते, म्हणून ती चिकट काजळी सोडवते, हे मला पुढे शाळेत कळले. अम्मीला त्यातले रसायन ठाऊक नव्हते. पण राख चाळून का घ्यायची, हे तिला पक्के ठाऊक होते. बारीक खड्यानेही काचेवर ओरखडा पडतो आणि तो पुन्हा जात नाही.

आता कंदील गेले. हिंगोलीतही दुकानांना मोठमोठ्या काचा आल्या, घरांना सरकत्या खिडक्या आल्या. त्या पुसायला बाजारात रंगीबेरंगी बाटल्या आल्या आणि नेमके काय वापरावे, याचा गोंधळही आला. आमच्या गल्लीतला एक मुलगा पुण्यात उंच इमारतींच्या काचा पुसण्याचे काम करतो. ईदला तो घरी आला तेव्हा मी विचारले, ‘‘बेटा, तुम्ही कोणते औषध वापरता?’’ तो हसून म्हणाला, ‘‘चाचा, बादलीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण. बाकी सगळी करामत रबराच्या पट्टीची.’’

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. स्वयंपाकघरातल्या खिडकीवरचा फोडणीचा तेलकटपणा, लहान मुलांच्या बोटांचे ठसे असे सुटे होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. दहा लिटर पाण्याला चहाचा एक चमचा साबण पुरतो. जास्त घातला तर तोच काचेवर मागे राहतो आणि वाळल्यावर पांढुरके ओघळ दिसतात. आपण समजतो साबण कमी पडला, आणि आणखी ओततो!

दुसरा मळ आपल्या पाण्याचाच. मराठवाड्यातला काळा खडक आपण सारे जाणतो. त्यातून झिरपत आलेल्या बोअरच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. अंगाच्या साबणाला फेस येत नाही तो यांच्यामुळेच. असे पाणी काचेवर वाळले की पाणी उडून जाते, क्षार उरतात. हे पांढरे डाग साबणाने जात नाहीत, त्यांना आम्ल लागते. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांत कापड भिजवून पाच-दहा मिनिटे डागावर दाबून ठेवावे, मग साध्या पाण्याने धुवावे. फार जुने डाग मात्र काचेतच मुरलेले असतात, ते यानेही निघत नाहीत. आणि सांभाळायचे ते खिडकीखालच्या फरशीला. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड. जे व्हिनेगर काचेवरचा क्षार विरघळवते, ते या दगडांनाही खाते. शेवटचा हात गाळलेल्या पावसाच्या पाण्याचा किंवा आरओच्या पाण्याचा दिला तर डाग पुन्हा धरत नाहीत. मोठ्या शहरांत याच कारणासाठी क्षार काढून टाकलेले पाणी वापरतात.

तिसरा मळ स्टिकरच्या डिंकाचा. त्याला स्पिरिटचा बोळा चालतो, पण जवळ शेगडी किंवा उदबत्ती पेटती नको. काम सकाळी करावे. तापलेल्या काचेवर पाणी पुसण्याआधीच वाळते.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ईदच्या आदल्या दिवशी न्हाणीघराच्या छोट्या खिडकीवरचे डाग काढायला मी फरशी धुण्याचे ॲसिड लावले. डाग हटेनात, म्हणून त्यावर ब्लिचिंग पावडरचे पाणी ओतले. माझा हिशेब सरळ होता. दोन कडक वस्तू एकत्र आल्या तर काम दुप्पट होईल. क्षणात हिरवट-पिवळा वास नाकात घुसला, डोळ्यांची आग झाली, खोकला थांबेना. दार उघडे होते म्हणून बाहेर पळता आले. तो क्लोरीन वायू होता. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथल्या रणभूमीवर जर्मन सैन्याने सोडला, तोच.

म्हणून हे चार शब्द लक्षात ठेवा. ब्लिचिंगमध्ये कोणतेही आम्ल मिसळू नये. संडास धुण्याचे ॲसिड तर नाहीच, साधे व्हिनेगरसुद्धा नाही. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. तोही ब्लिचिंगबरोबर मिसळला की विषारी वायू होतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला तर धोका नाही, फक्त फसफस होते. आम्ल आणि अल्क एकमेकांना निकामी करतात आणि हाती जवळजवळ पाणीच उरते. चुकून असा वायू झालाच तर बादली आवरत बसू नये. आधी मोकळ्या हवेत जावे, घरच्यांनाही बाहेर काढावे आणि श्वासाला त्रास होत असेल तर थेट दवाखाना गाठावा.

आणखी एक. ॲसिड किंवा ब्लिचिंगचे पाणी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय सोडा. तहानलेल्या लेकराला त्यातला फरक कळत नाही.

कविता लिहिताना मला एक सवय लागली आहे. ओळ जमली नाही की नवा शब्द जोडण्याआधी आहे तो तपासून पाहायचा. काचेलाही हेच लागू आहे. दिवाळी असो की ईद, हात बाटलीकडे जाण्याआधी काचेवर एकदा बोट फिरवून पाहा. धूळ आहे, तेल आहे की क्षार, ते कळले की त्याला पुरेल अशी एकच वस्तू घ्या, आणि तीही थोडीच.