स्फटिक अभिज्ञातकांची प्रारणजन्य हानी

मूलकणांची ऊर्जा मोजण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या पारदर्शक स्फटिकांत तीव्र प्रारणामुळे (तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जेमुळे) दोष उत्पन्न होऊन त्यांची पारदर्शकता घटते. या आविष्कारास प्रारणजन्य हानी म्हणतात.

उच्च ऊर्जेचा इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन अशा स्फटिकात शिरला म्हणजे दुय्यम कणांचा वर्षाव होऊन क्षीण चमक निर्माण होते. तिच्या प्रकाशराशीवरून मूळ कणाची ऊर्जा काढतात. जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस अभिज्ञातकात लेड टंगस्टेटाचे ७५,८४८ स्फटिक बसविण्यात आले. या प्रयोगात मुंबईतील कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था व तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्र सहभागी आहेत. हिग्ज कणाचा शोध ४ जुलै २०१२ रोजी घोषित झाला. त्यात या कणाच्या क्षयातून निघणाऱ्या फोटॉन-जोडीचे मापन महत्त्वाचे होते. सीएमएसमध्ये ते याच स्फटिकांनी केले. हानीची दुरुस्ती अचूक नसती, तर हे मापन अस्पष्ट झाले असते.

हानीचे प्रकार : कोणताही स्फटिक पूर्णतः निर्दोष नसतो. त्याच्या जालकातील रिक्त स्थानी प्रारणाने मुक्त केलेले इलेक्ट्रॉन अडकून वर्णकेंद्रे तयार होतात. चमक निर्माण करण्याची क्षमता टिकून राहते, मात्र सु. ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या या प्रकाशाचा काही भाग वर्णकेंद्रे वाटेतच शोषून घेतात. सामान्य तापमानालाही ती हळूहळू नाहीशी होतात. त्यामुळे कणशलाका चालू असताना पारदर्शकता घटते व बंद असताना अंशतः पूर्ववत होते.

प्रोटॉन, पायॉन इत्यादींमुळे होणारी हानी वेगळी असते. अणुकेंद्रे फुटून निघालेले जड तुकडे जालक विस्कळीत करतात. ही हानी सामान्य तापमानाला भरून येत नाही व साचत जाते.

उपाय : यिट्रियम, निओबियम यांसारखी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळल्यास वर्णकेंद्रे कमी बनतात. शिवाय प्रत्येक स्फटिकात ठराविक अवधीने लेसर प्रकाश सोडून पारदर्शकता मोजतात व त्यानुसार ऊर्जेचे मूल्य दुरुस्त करतात. शलाकेलगतच्या टोकांकडील स्फटिकांना मात्र एवढे पुरत नाही. त्वरकाच्या वाढीव तीव्रतेच्या टप्प्यासाठी त्यांच्या जागी सिलिकॉन व प्लॅस्टिक यांचा ऊर्जामापक योजला आहे. त्यातील सिलिकॉन भागांच्या जुळणीच्या केंद्रांत टाटा संस्थेचा समावेश आहे. सिलिकॉनही हानीपासून मुक्त नाही. तिचे परिणाम आटोक्यात ठेवण्यासाठी ते सु. −३०° से. तापमानास ठेवावे लागते.