क्षमेचा अधिकार कोणाचा? : तिसऱ्या शतकातील कार्थेजचा वाद

क्षमा ही अंतःकरणाची बाब आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात मात्र तिला ठळक सामाजिक बाजू होती. गंभीर पाप करणाऱ्याला प्रभुभोजनात भाग घेता येत नसे आणि परत येण्यासाठी त्याला जाहीर प्रायश्चित्त करावे लागे. मंडळीचा आधार ऐहिक दृष्टीनेही मोलाचा होता. इ. स. २५१ च्या सुमारास रोमचे बिशप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या पत्रानुसार तेथील मंडळी १,५०० हून अधिक विधवा व गरजूंचा सांभाळ करीत होती. त्यामुळे क्षमा कोणी द्यायची, हा प्रश्न समाजात कोणाला सामावून घ्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, याचाही प्रश्न होता. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे झालेल्या वादातून हे स्पष्ट होते.

साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम रोमन सम्राट डेसियसने काढला. इ. स. २५० मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमधील पपायरसवर आजही उपलब्ध आहेत. कार्थेजमधील अनेक ख्रिस्ती लोकांनी हुकूम पाळला. कोणी बळी दिला, कोणी धूप जाळला, तर कोणी लाच देऊन बळी न देताच दाखला मिळवला. या सर्वांना ‘पतित’ म्हटले जाऊ लागले. ज्यांनी नकार दिला त्यांना तुरुंगवास व छळ सोसावा लागला; काहींचा त्यात अंत झाला. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी या काळात अज्ञातवास पत्करला व पत्रांद्वारे मंडळीचा कारभार चालवला.

संकट ओसरू लागताच पतितांनी तुरुंगातील बंदिवानांकडे धाव घेतली. ज्यांनी श्रद्धेसाठी यातना सोसल्या त्यांच्या शब्दाला देवाजवळ वजन आहे, अशी जुनी समजूत होती. बंदिवान ‘शांतिपत्रे’ देऊ लागले. रोममधील केलेरिनस याने कार्थेजचा बंदिवान लुसियन याला पत्र लिहून दोन पतित स्त्रियांसाठी क्षमा मागितली. या स्त्रिया कार्थेजहून रोमला आलेल्या ६५ जणांची देखभाल करीत होत्या. पौलुस नावाच्या हुतात्म्याने मृत्यूपूर्वी सांगून ठेवल्याप्रमाणे लुसियन त्याच्या नावाने अशी पत्रे देत असे.

पुढे या प्रथेला धरबंध राहिला नाही. दररोज हजारो पत्रे दिली जात असल्याची तक्रार सिप्रियन यांनी केली. काही पत्रांत ‘अमुक व त्याची माणसे’ एवढेच लिहिलेले असे. त्यात किती जण येतात, हे कोणालाच सांगता येत नसे. काही धर्मगुरूंनी प्रायश्चित्ताशिवायच पतितांना प्रभुभोजनात घेतले. अखेरीस, आपण सर्व पतितांना शांती दिली आहे आणि ही गोष्ट इतर बिशपांनाही कळवावी, असे बंदिवानांनी थेट सिप्रियन यांनाच लिहिले. छळ सोसलेल्यांच्या या नैतिक अधिकारापुढे अज्ञातवासातील बिशपांची बाजू साहजिकच दुबळी ठरत होती.

इ. स. २५१ मध्ये सिप्रियन परतले. त्यांनी पतितांवर एक ग्रंथ लिहिला आणि आफ्रिकेतील बिशपांची परिषद भरवली. केवळ दाखला मिळवणाऱ्यांना प्रत्येकाची चौकशी करून परत घ्यावे आणि प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर मृत्युसमयी क्षमा मिळावी, असे ठरले. स्वतःहून बळी देण्यास धावलेला मनुष्य आणि पत्नी, मुले व घर वाचवण्यासाठी एकट्याने बळी देणारा मनुष्य यांना एका मापाने मोजू नये, असे सिप्रियन यांचे म्हणणे होते. याउलट रोममधील नोवेशियन याने पतितांना मंडळीत पुन्हा स्थान देण्यास विरोध केला आणि वेगळा पंथ उभा केला. परिषदेचा निर्णयही फार काळ टिकला नाही. नव्या छळाची चिन्हे दिसताच प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांना परत घेण्यात आले. दुर्बलांना येणाऱ्या परीक्षेसाठी बळ मिळावे, हे त्यामागील कारण होते.

या वादातून क्षमेचा अधिकार यातनेकडून पदाकडे सरकला. बंदिवानांची क्षमा उदार होती, परंतु ती ओळखीपाळखीवर अवलंबून होती आणि तुरुंगापर्यंत पोहोचू न शकणाऱ्याला ती मिळणे कठीण होते. बिशपांची क्षमा सावकाश मिळे, पण तीत प्रत्येकाची हकीकत ऐकून घेण्याची पद्धत होती. त्याचबरोबर सामान्य, पदहीन माणसाने सोसलेल्या दुःखातून येणारा अधिकार मागे पडला व निर्णयाची सूत्रे एका पदाच्या हाती एकवटली. पुढील शतकांत चर्चला जे सामाजिक सामर्थ्य लाभले, त्याचे एक मूळ येथे दिसते. स्वतः सिप्रियन यांचा १४ सप्टेंबर २५८ रोजी शिरच्छेद झाला. यातनेचा आणि पदाचा असे दोन्ही अधिकार त्यांच्या ठायी एकत्र आले, ते त्या दिवशी.