चांदबिबीचा महाल : एका कबरीचें आरोग्यधाम

नगरास आलेल्या पाहुण्यास पूर्वेकडील डोंगरावरची अष्टकोनी इमारत दाखवून ‘तो पाहा चांदबिबीचा महाल’ असें आम्ही नगरकर मोठ्या दिमाखानें सांगतों. वस्तुतः तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. त्या शूर स्त्रीनें १५९५-९६ मध्यें मोगलांच्या वेढ्यांतून नगरचा किल्ला राखला व १६०० सालीं तेथेंच तिचा घात झाला. डोंगरावरची इमारत ही सलाबतखानाची कबर होय. मूर्तुजा निजामशहाच्या (१५६५-१५८८) कारकीर्दींत हा वजीर राज्याचा गाडा हांकीत असे. पण लोकांच्या आठवणींत तलवार राहते, कारभार राहत नाहीं. वजिराची वास्तु राणीच्या नांवें चढली ती अशी.

शहरापासून सुमारें सहा मैलांवर, समुद्रसपाटीहून सुमारें ३०८० फूट उंचीवर ती उभी आहे. मध्यें सुमारें ७० फूट उंचीचें अष्टकोनी घुमटदार दालन, त्याच्या सभोंवार सुमारें २० फूट रुंदीच्या तीन मजली ओवऱ्या, आणि खालीं तळघरांत कबरी. नक्षीकामाचा सोस जवळजवळ नाहींच. सारें सौंदर्य प्रमाणबद्धतेंत व कमानींच्या रांगेंत आहे. मला तरी हा साधेपणा फार भावतो.

पुढें इंग्रजी अमदानींत या वास्तूच्या नशिबीं चमत्कारिक पालट आला. आजारी गोऱ्या शिपायांसाठीं तेथें आरोग्यधाम करण्यांत आलें! मृतांच्या डोक्यावर रोग्यांचीं बिछानीं हें ऐकावयास विचित्र वाटतें. परंतु निवड चुकीची नव्हती. जागा शहराहून ९०० फुटांवर उंच, म्हणून हवा तितकीच थंड. रुंद ओवरीमुळें भर दुपारचें ऊन आंतल्या भिंतीपर्यंत पोंचत नाहीं, आणि आठही बाजूंच्या कमानी खुल्या असल्यामुळें वारा कोठूनही येवो, त्याला वाट सांपडते.

असाच योग फ्रान्समध्यें शेनोन्सोच्या वाड्यास आला. सलाबतखानाच्याच काळांत कॅथरिन द मेदिचीनें नदीवरील पुलावर तेथें लांबलचक दालन उठविलें. १९१४ च्या महायुद्धांत त्याचें जखमी सैनिकांसाठीं इस्पितळ झालें. त्या देशांतील अशा कित्येक वाड्यांचीं आतां हॉटेलें झालीं आहेत. राबतें घर टिकतें, हें आपल्याकडील म्हाताऱ्या माणसांस सांगावयास नको. याच नगरांतील फराहबाग पाहा : १५८३ मध्यें पुरा झालेला, तळ्याच्या मधोमध शोभणारा तो महाल, तळें आटलें, महालाची रया गेली.

सलाबतखानाची कबर आज पुराणवस्तु खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. लोकांच्या तोंडीं रुळलेलें नांव पुसावें, असें मी म्हणणार नाहीं. मात्र मुलांना घेऊन डोंगर चढाल तेव्हां तळघरांत कोण निजला आहे, तेवढें त्यांना सांगा.