उभं राहिल्यावर चक्कर येते? मग बीपी उभं राहूनच मोजायला हवं

आजच्या भागाचा विषय आहे स्वायत्त चेतासंस्थेचे आजार. नाव जड आहे, पण अनुभव घरोघरचा.

आजोबा पहाटे लघवीला उठतात आणि दोन पावलांवर कोसळतात. दवाखान्यात खुर्चीवर बसवून बीपी बघतात, तर नॉर्मल! कॉलेजातली मुलगी रांगेत उभी राहिली की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ईसीजी नॉर्मल. मग तिला सांगितलं जातं, "टेन्शन घेऊ नकोस." आता बघा, दोघांनाही त्रास होतो उभं राहिल्यावर आणि तपासलं जातं बसवून किंवा झोपवून.

उभं राहिलो की साधारण अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारी केंद्रं असतात, ती लगेच मेंदूला कळवतात. मेंदू स्वायत्त नसांमार्फत रक्तवाहिन्या आवळतो, ठोके थोडे वाढवतो. हे सगळं काही सेकंदांत, आपल्याला पत्ताही न लागता. याच नसा घाम, पचन आणि लघवीही सांभाळतात. म्हणून चक्करेसोबत बद्धकोष्ठता, घाम कमी येणं, लघवीचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

आता तपासणी. पाच मिनिटं आडवं पडायचं, बीपी आणि नाडी मोजायची. मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायची. नुसती धडधड असेल तर दहा मिनिटांपर्यंत. घरी करत असाल तर शेजारी कुणीतरी हवंच, आणि गरगरलं की लगेच बसायचं.

तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. इथे नाडीकडे नीट बघा. बीपी पडलं आणि नाडी भराभर वाढली, तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी पडलंय का, हे आधी तपासतात. बीपी पडूनही नाडी जेमतेम वाढली, तर नसांवर संशय जातो. त्यामागे जुना मधुमेह किंवा पार्किन्सन्स असू शकतो. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनीही बीपी उतरतं, त्यामुळे गोळ्यांची यादी सोबत न्या. मात्र स्वतःहून एकही गोळी बंद करू नका.

बीपी टिकलं, पण नाडी दहा मिनिटांत ३० ने वाढली (१२ ते १९ वयात ४० ने) आणि त्रास तीन महिन्यांपासून आहे, तर पॉट्सचा विचार होतो. हे नाव १९९३ मध्ये रूढ झालं. पण त्याआधी ॲनिमिया, थायरॉइड आणि औषधं तपासावी लागतात. गरज वाटली तर न्यूरॉलॉजिस्ट टिल्ट टेबल, दीर्घ श्वासाची आणि घामाची चाचणी सांगतात.

एक मात्र लक्षात ठेवा: छातीत दुखत असेल, व्यायाम करताना शुद्ध हरपली असेल किंवा शौच काळी होत असेल, तर घरी मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

बाकीच्यांनी पुढच्या भेटीत एवढंच विचारायचं: "डॉक्टर, एकदा उभं करून बीपी बघता का?" पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पण त्यातून आजोबांचं खुब्याचं हाड वाचू शकतं, आणि त्या मुलीला कळू शकतं की तिचा त्रास खरा आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!