महिना आधी, नकाशा नंतर : श्रीलंकेतल्या 3 आठवड्यांच्या जंगल सहलीची आखणी

बचत गटाची सहल म्हटली की अष्टविनायक, कोकण, फार तर काशी. पण हल्ली बैठकीत वेगळाच प्रश्न येतो : “ताई, आपण हत्ती, देवमासे बघायला लांब जाऊ शकतो का? आणि गेलोच तर दोन दिवसांत धावतपळत न येता, चांगलं राहून?” म्हणून आज आपल्या शेजारच्या श्रीलंकेचं उदाहरण घेऊन 3 आठवड्यांची निसर्ग सहल कशी आखायची ते पाहू.

श्रीलंका आकाराने महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. मुंबईहून विमानाने कोलंबो अडीच तासांच्या आसपास. घड्याळही बदलावं लागत नाही, दोन्हीकडे वेळ एकच. जेवणात भात, डाळ, नारळ, फणसाची भाजी. आपल्या मालवणकडच्या शिरवाळ्यांसारखा तांदळाच्या शेवयांचा प्रकार तिथे नाश्त्याला असतो. त्यामुळे शाकाहारी बाईचीही आबाळ होत नाही.

पहिला प्रश्न : कोणत्या महिन्यात?

बहुतेक जणी आधी ठिकाणांची यादी करतात. जंगलाच्या सहलीत आधी महिना ठरवायचा, कारण प्राणी पावसाप्रमाणे फिरतात. श्रीलंकेला दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य भागात पाऊस, तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेला आणि पूर्वेला. म्हणजे एका वेळी सगळा देश कोरडा मिळत नाही आणि सगळे प्राणीही एका फेरीत दिसत नाहीत.

मिन्नेरिया इथे तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला मोठा तलाव आहे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये त्याचं पाणी मागे हटतं, काठावर कोवळं गवत उगवतं आणि शेकडो हत्ती तिथे जमतात. दृश्य मोठं, पण तेव्हा आपल्याकडे खुरपणीचे दिवस. उलट मिरिसाच्या समुद्रात निळे देवमासे नोव्हेंबर ते एप्रिल दिसतात. यालाच्या जंगलात फेब्रुवारीपासून पाणवठे आटू लागतात आणि बिबट्या दिसायची शक्यता वाढते. सिंहराजाचं जंगल जानेवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात कोरडं.

म्हणून आपल्यासाठी मार्च सोयीचा. हरभरा, ज्वारी निघालेली असते. मात्र घरात दहावी-बारावीचं मूल आहे का, हे आधी विचारा. तिकडे 13-14 एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं, दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या; त्याआधी परत यायचं. मिन्नेरिया या फेरीतून सोडायचं. काय सोडायचं हे ठरलं की आखणी निम्मी झाली.

दुसरा प्रश्न : किती ठिकाणं?

कमी ठिकाणं, जास्त मुक्काम. नकाशावर अंतर थोडं दिसतं, पण घाटरस्ते आणि गावांतून जाणाऱ्या वाटा वेळ खातात. 20 रात्री अशा वाटता येतील :

- विमानतळाजवळ 1 रात्र, विश्रांतीसाठी.
- सिंहराजा 3 रात्री. 1988 पासून जागतिक वारसा असलेलं हे सदाहरित जंगल. वाटाड्या घेऊनच फिरायचं. जळवा असतात, गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे न्या.
- मिरिसा 3 रात्री. देवमाशांसाठी एक सकाळ पुरते, पण समुद्र खवळला तर होडी जात नाही. जादा दिवस त्यासाठी.
- तिस्समहाराम 4 रात्री. इथून याला आणि पक्ष्यांसाठी बुंदाला.
- उडावलावे 2 रात्री. इथे हत्ती बारमाही दिसतात. 1995 पासून इथे अनाथ पिल्लांना दूध पाजून वाढवतात आणि पुन्हा जंगलात सोडतात. पिल्लांना हात लावू देत नाहीत, लांबून बघायचं.
- डोंगराळ भागात 4 रात्री. हॉर्टन प्लेन्सचं पठार 2,100 मीटरपेक्षा उंच. पहाटे निघा, नऊ-दहानंतर धुकं दरी झाकतं. फेरी साधारण 9 किलोमीटर पायी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी त्या दिवशी मुक्कामी राहावं.
- कँडी 2 रात्री आणि परतीआधी विमानतळाजवळ 1 रात्र.

यात आठवड्यातून एक पूर्ण दिवस रिकामा ठेवा. कपडे धुवायला, पाय सोडून बसायला. सलग तीन दिवस पहाटे चारला उठलं की चौथ्या दिवशी हत्तीही गोड लागत नाही.

पौर्णिमा कधी आहे तेही बघा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते, जंगलात गर्दी होते. तो दिवस विश्रांतीचा ठेवा.

तिसरा प्रश्न : पैसा कुठून?

इथे मी स्पष्ट बोलते. गटाची अंतर्गत बचत आणि बँकेचं कर्ज सहलीला हात लावायचं नाही. ते शेळी, शिलाई मशीन, दुकानासाठी आहे. सहलीची वेगळी भिशी, वेगळी वही. महिन्याला 2,000 रुपये टाकले तर 3 वर्षांत प्रत्येकीचे 72,000 होतात. ते पुरतील की नाही, हे त्या वेळचे दर लेखी घेऊनच ठरवा.

खर्चाचे चार रकाने करा : विमान आणि व्हिसा, राहणं-जेवण, जंगलाचं तिकीट, जीप आणि वाटाड्या, चौथा अडीअडचणीचा. तिसरा रकाना बायका विसरतात. परदेशी पाहुण्यांना जंगलाचं तिकीट स्थानिकांपेक्षा महाग असतं आणि जीपचं भाडं वेगळं. जीप सहसा सहा जणींची. चौघी बसल्या तरी भाडं तेवढंच, म्हणून सहा किंवा बारा जणी मिळून जा. एजंटला सगळे पैसे एकदम देऊ नका, पावती घ्या, आणि रद्द झालं तर किती परत मिळणार ते लिहून घ्या.

कागद आणि तब्येत

पासपोर्ट सहा महिने आधी काढायला घ्या. आपल्या बायकांची खरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. ते आधी एकसारखं करा. परतीनंतरही पासपोर्टची मुदत शिल्लक राहील असं बघा. व्हिसाचे नियम बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर तपासा.

श्रीलंकेतून मलेरिया हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये जाहीर केलं. डेंग्यू मात्र आहे, म्हणून पूर्ण बाह्या घाला आणि डासांचं मलम ठेवा. बीपी, शुगरच्या गोळ्या 25 दिवसांच्या, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. होडीत मळमळतं त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. जीपच्या फेरीत तीन-चार तास खाली उतरता येत नाही. लघवीच्या भीतीने बायका पाणीच पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते. फेरी सुरू होण्याआधी शौचालय कुठे आहे हे विचारायला लाजू नका.

घरी कोण?

तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस धार काढायची, पाणी भरायचं, सासूबाईंची औषधं द्यायची. हे काम कोण करणार ते बैठकीत नावासकट लिहा. ज्या मागे राहतील त्यांचा नंबर पुढच्या सहलीत पहिला. “घरचे सोडत नाहीत” असं बरीच म्हणते. पण कामाची वाटणी, तारखा आणि फोन नंबर असा एक कागद नवऱ्यापुढे, सासूपुढे ठेवला की बोलणं सोपं जातं. परवानगीचं बोलणं मग नियोजनाचं होतं.

परदेश जमत नसेल तरी हीच रीत ताडोब्याला लागू पडते. तिथे पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं आणि उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता जास्त. म्हणजे तिथेही महिना आधी, नकाशा नंतर.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा : वहीचं एक पान घ्या, बारा महिने लिहा आणि प्रत्येकीने आपला मोकळा महिना पुढे मांडावा. जो महिना सगळ्यांचा जुळेल, तिथून सहल सुरू होते.